चुकीच्या समुद्राचं निवेदन

नाशिकमध्ये बसून समुद्र वाचवायला निघालेली बाई म्हणून आमच्या कॉलनीत माझी भरपूर थट्टा झाली. ती व्हायलाच हवी होती. आमच्याकडे समुद्र म्हणजे लग्नकार्याला मुंबईला गेलं की परतीच्या गाडीला वेळ असला तर बघून यायची गोष्ट. भेळ खायची, पायाला लागलेली वाळू झटकायची आणि घरी यायचं. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण साठीपर्यंत समुद्राचा असा वेगळा विचार केल्याचं मला आठवत नाही.

तो विचार डोक्यात शिरला तो महिला मंडळाच्या सहलीत. आम्ही सत्तावीस बायका एक मिनीबस करून कोकणात गेलो होतो. सहलीच्या पत्रकात 'कासवाची पिल्लं समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम' असं लिहिलेलं होतं आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठी नाही, सोलकढीसाठी नाव दिलं होतं. पहाटे उठवून आम्हाला किनाऱ्यावर नेलं, दोरीच्या मागे उभं केलं. एका टोपलीतून वाळूवर पिल्लं सोडली. तळहातावर मावतील एवढी. त्यातलं एक पिल्लू चार पावलं चालायचं, थांबायचं, परत चालायचं. लाट आली की उलटं पडायचं आणि पुन्हा त्याच दिशेला निघायचं. माझ्या वर्गात असं एक मूल दरवर्षी असायचं. मला रडू आलं, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नाही.

कार्यक्रम संपल्यावर गावातल्या एका काकांनी आम्हाला किनाऱ्यावर गोळा केलेल्या कचऱ्याचं पोतं दाखवलं. कासव पाण्यात तरंगणारी पिशवी खाद्य समजून गिळतं आणि मरतं, असं ते म्हणाले. मी पोत्यात डोकावले तर वरच एक पिवळी कॅरीबॅग, तोंडाला गाठ मारलेली, आणि आत झेंडूचा वाळलेला हार. अशी पिशवी मला चांगली ओळखीची होती, कारण तसल्या पिशव्या गेली बारा वर्षं दर शनिवारी माझ्याच स्कूटरवरून जात होत्या.

आमच्या घरात वरच्या मजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. माझे मोठे दीर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते बारा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा अस्थी रामकुंडात सोडल्या. तेव्हापासून जाऊबाई त्यांच्या फोटोला रोज ताजा हार घालतात. आठवड्याभराचे हार एका पिशवीत साठवतात आणि शनिवारी सकाळी ती पिशवी गंगेत सोडतात. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडाच्या खालच्या अंगाला जो पूल आहे तिथे मी स्कूटर बाजूला घ्यायची, जाऊबाई उतरायच्या, पिशवीची गाठ एकदा ओढून बघायच्या, कठड्यावरून पिशवी सोडायच्या आणि नमस्कार करायच्या. "चल," म्हणायच्या. येताना आम्ही मिसळ खायचो. वाहत्या पाण्यात सोडलेलं फूल त्यांना पोचतं, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीला बोट लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

सहलीहून आले ती मी कामालाच लागले. पुलाच्या दोन्ही तोंडांना मोठे निर्माल्य कलश ठेवावेत, ते रोज रिकामे करावेत आणि कठड्याला उंच जाळी लावावी, अशी महापालिकेकडे मागणी करायची ठरवली. चार पानी निवेदन लिहिलं. त्यात कासवं होती, पोतं होतं, झेंडूचा हार होता आणि 'मुक्या जीवांचा तळतळाट' असा एक शब्दप्रयोगही होता, जो मला फारच आवडला होता. पहिली सही आमच्या ह्यांची घेतली. हे ओझरच्या कारखान्यात विमानाच्या सुट्या भागांची तपासणी करायचे. केसाएवढी चूक असली तरी भाग बाजूला काढणारा माणूस. पण निवेदन त्यांनी वाचलं नाही. "तू लिहिलंयस ना, मग बरोबरच असणार," असं म्हणून सही ठोकली. मला तेव्हा फार बरं वाटलं.

मग सही मागायला मी वर गेले. जाऊबाई वाती वळत बसल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. कासवाचं ऐकून त्या हळहळल्या. मग त्यांनी विचारलं, "जाळी लावल्यावर मग आपण पिशवी कुठून सोडायची?"

"सोडायची नाही, ताई. कलशात टाकायची. महापालिकेचे लोक त्याचं खत करतात."

त्यांनी हातातली वात पूर्ण वळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही करा सह्या. मी नाय करणार."

मी जरा जोर केला. शाळेतली सवय, उत्तर चुकलं की मी पुन्हा समजावते, आवाज वाढवून. त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "माझा त्यांच्याशी तेवढाच एक संबंध उरलाय गं." मी कागद घेऊन खाली आले. जिना उतरताना मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की माझं निवेदन मंजूर झालं तर कासवांचं काय होईल ते होवो, या बाईचा शनिवार मात्र जाणार. आणि तो घालवणारी मीच असणार.

तरी मी थांबले नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. एकदा डोक्यात घेतलं की मला आवरत नाही, आणि त्यातून तो चार पानांचा मजकूर मला सुचला होता. पुढच्या शनिवारी मी स्कूटर काढून उभी राहिले तर जाऊबाई पिशवी घेऊन जिना उतरल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षात बसल्या. भांडण नाही, शब्द नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. भांडल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. मी एकटीच जाऊन मिसळ खाल्ली आणि ती अर्धी टाकून आले.

बाकी कॉलनीत सह्यांचं काम जोरात चाललं होतं. "बाई, आता समुद्र नाशिकला आणताय का?" असं विचारून लोक सही करायचे. दूधवाल्यानं केली, सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून ठेवून केली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी तर न वाचता केल्या, मी अजूनही कान धरीन अशा भीतीनं. तीनशे बारा सह्या झाल्या. महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून निरोप आला की स्वच्छता निरीक्षक रविवारी सकाळी स्वतः येऊन रहिवाशांचं म्हणणं ऐकतील. मी नवी कोरी साडी नेसले, चष्म्याच्या काचा दोनदा पुसल्या.

समाजमंदिरात साठ-सत्तर माणसं जमली होती. निरीक्षक मधल्या वयाचे, घामाघूम झालेले, पण माणूस शांत. "वाचा मॅडम," म्हणाले. मी उभी राहून वाचायला सुरुवात केली. जाऊबाई शेवटच्या रांगेत येऊन बसल्याचं मला दिसलं. सही केली नव्हती, पण घरातली बाई चारचौघांत बोलणार म्हटल्यावर त्या आल्या होत्या. दुसऱ्या पानाला मी चांगलीच रंगात आले. 'आपल्या गोदामाईच्या प्रवाहात आपण श्रद्धेनं सोडलेल्या पिशव्या वाहत वाहत कोकणच्या किनाऱ्याला लागतात आणि तिथल्या निष्पाप कासवांचा घास होतात', हे वाक्य मी जरा थांबून, लोकांकडे बघत म्हटलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला. "कोकणात कशी जाईल गं?"

मी चष्म्यावरून पाहिलं. जाऊबाई उभ्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"काय, ताई?"

"गंगा. ती कोकणात नाय जात. मधी एवढा डोंगर हाय, तो काय चढून जाईल का?"

कुणीतरी खुसकन हसलं. जाऊबाई मात्र माझी फजिती करायला उभ्या राहिल्या नव्हत्या. वाट चुकलेल्या माणसाला रस्ता सांगावा तशा त्या शांतपणे सांगत होत्या. "ती इथून निफाडाकडं जाते. नांदूरमध्यमेश्वर. मग पैठण, तिथं धरणात अडते. सोडली की पुढं गंगाखेड, नांदेड. मग तेलंगणात बासर, तिथं सरस्वतीचं देऊळ हाय. मग भद्राचलम. मग राजमहेंद्री. तिथून पुढं समुद्र. पण तो तिकडला, उगवतीचा समुद्र. कोकणचा नाय."

आमच्या शेजारी पेठ तालुक्यातले एक निवृत्त कारकून राहतात, त्यांनी बसल्या बसल्या भर घातली. "बाई, कोकणच्या बाजूला आमच्या पेठचं पाणी जातं. दमणगंगा जाते. तुमची गंगा नाही जात." मग मात्र लोक मोकळेपणानं हसले. चौथीच्या मुलाला माहीत असतं ते. मलाही माहीत होतं, नव्हतं असं नाही. पण त्या पोत्यात झेंडूचा हार दिसला आणि जगातला प्रत्येक झेंडू आमच्याच पुलावरून पडतो असं माझ्या नाशिककर डोक्यानं धरलं. त्यावर तीनशे बारा माणसांनी सह्या केल्या आणि एकालाही शंका आली नाही. आमच्यासाठी समुद्र एकच, घाट उतरल्यावरचा.

ह्यांनी पहिल्या रांगेतून हळूच विचारलं, "एवढ्या पोरांचे पेपर तपासलेस, हा एक कागद मला तपासायला दिला असतास तर?" मी म्हटलं, "पहिली सही कुणाची आहे बघा."

निरीक्षकांनी हसू दाबलं आणि जाऊबाईंना विचारलं, "मावशी, एवढं सगळं तुम्हाला पाठ कसं?"

"हाय पाठ," म्हणून त्या खाली बसल्या. निरीक्षक मला म्हणाले, "मॅडम, मागणी चांगली आहे, पण या कागदावर मी शेरा मारला तर वरचे लोक तुम्हाला हसतील आणि मलाही. नीट लिहून, पुन्हा सह्या घेऊन आणा. कोणीच माघार घेतली नसेल तर मला पुढे न्यायला सोपं जाईल." म्हणजे तीनशे बारा सह्या परत, आणि त्यात माझ्या घरातली न झालेली एक.

घरी येताना जाऊबाई आणि मी चालतच आलो. मला त्यांचा राग आला होता, आणि राग यायला काही जागा नाही हेही कळत होतं, त्यामुळे तो आणखी वाढत होता. वर गेल्यावर त्यांनी मला बसवलं आणि पोथीच्या बासनातून एक घडी घातलेला कागद काढला. माझ्याच मुलाच्या जुन्या शालेय नकाशाच्या पुस्तकातलं पान, कधीतरी रद्दीतून वाचवलेलं. त्यावर निळी रेघ नाशिकपासून थेट पूर्वेला गेलेली, आणि रेघेवर पेन्सिलीचे बारीक ठिपके.

"दहाव्याला गुरुजींना विचारलं मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, अस्थी इथं विरघळतात म्हणता, मग विरघळून जातात कुठं? ते म्हणाले, पाण्यासंगं. मग म्हटलं पाणी कुठं जातं ते तर बघू. तुझे दीर जन्मभर डेपोत दुसऱ्यांच्या गाड्या वाटेला लावत राहिले गं. स्वतः कधी नाशिक सोडलं नाय. म्हटलं, आता तरी फिरतायत."

त्या रोज पेपर का वाचतात याचा मला तेव्हा उलगडा झाला. गंगापूर धरणाचं पाणी जायकवाडीला सोडलं की आख्खं नाशिक चिडतं, आमच्या घरात तर ह्यांचा रक्तदाब वाढतो. त्या दिवशी जाऊबाई मात्र गोडाचा शिरा करायच्या. आम्ही समजायचो, मराठवाड्यातल्या लोकांची कणव. शिरा दिरांसाठी असायचा, ते पुढे निघाले म्हणून. बारा वर्षं मी तो शिरा खाल्ला आणि एकदाही विचारलं नाही. माझा राग कुठे गेला ते मला समजलंसुद्धा नाही.

नकाशाच्या टोकाला, जिथे निळी रेघ समुद्राला मिळते, तिथे एक मोठा ठिपका होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथं बी असतात का तुझी कासवं?"

या वेळी मी शहाणी झाले होते. फोन काढला, चांगलं वाचून खात्री केली. "असतात, ताई. कोकणात दिसली त्याच जातीची. तिकडे अंडी घालायला येतात."

त्या फोटोकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बारा वर्षं मी त्यांच्या मागं प्लास्टिक लावलं होतं."

मला त्यांचा चेहरा बघवेना. "तुम्ही एकट्यानं नाही, ताई," मी म्हटलं. "स्कूटर माझी होती."

त्यांना एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लागला. मलाही तसंच झालं. मग त्या उठल्या, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "आण तुझा कागद. पण आधी नीट लिही."

नवीन निवेदन एका पानात बसलं. 'तळतळाट' काढावा लागला, त्याचं अजून वाईट वाटतं. ह्यांनी ते लाल पेन्सिल घेऊन तीनदा तपासलं आणि पहिली सही या वेळी जाऊबाईंनी केली, बँकेत करतात तशी, एकेक अक्षर सुटं सुटं. सह्यांसाठी आम्ही दोघी स्कूटरवरून फिरलो. मी कागद पुढे करायची आणि जाऊबाई लोकांना गंगेची वाट सांगायच्या. पैठणपर्यंत सगळे ऐकायचे, नांदेडला काही जण घड्याळ बघायचे, पण राजमहेंद्री आल्याशिवाय त्या कुणाला सही करू द्यायच्या नाहीत. सलूनवाला म्हणाला, मागच्या वेळी फार लवकर झालं होतं.

महापालिकेनं दोन कलश ठेवले. जाळीचं काम 'प्रक्रियेत' आहे, आणि ते तिथे किती दिवस राहील ते मी सांगू शकत नाही. जाऊबाईंनी हारांसाठी गच्चीवर एक कुंडी केली आहे. त्यात हार कुजतात आणि त्याचं खत जास्वंदीला जातं. फोटोपुढे रोज तांब्याभर पाणी ठेवतात आणि शनिवारी ते पाणी घेऊन आम्ही गंगेवर जातो. हा मार्ग त्यांनीच शोधला. "पाण्यात पाणी," म्हणाल्या, "कासवाच्या काय आड येणार?" पहिल्या शनिवारी तांब्या रिकामा केल्यावर त्या बराच वेळ कठड्याशी उभ्या होत्या. मी भीत भीत विचारलं, "पोचल्यासारखं वाटतं का, ताई?" त्या म्हणाल्या, "पिशवी दिसत राहायची बराच वेळ, लांब जाईस्तोवर. हे टाकलं की लगेच त्यांच्यात मिसळतं. बरंय."

गेल्या महिन्यातली गोष्ट. आम्ही पुलावर होतो, जाऊबाई तांब्या ओतून नुकत्याच वळल्या होत्या. एक गृहस्थ मोटारसायकल थांबवून उतरले. चांगले इस्त्रीच्या शर्टातले, कपाळाला गंध. हातात गाठ मारलेली फुगीर पिशवी. कलश वीस पावलांवर होता, पण ते तडक कठड्याकडे आले. मी तोंड उघडलं. माझ्याकडे आता समुद्राची पूर्ण माहिती होती, कासवाच्या घशापासून महापालिकेच्या ठरावापर्यंत, आणि ती मी त्यांना ऐकवणार होते.

त्याआधी जाऊबाईंनी त्यांच्या दंडाला हलकेच हात लावला. "दादा, जरा थांबा. खाली आमचे हे हायेत."

गृहस्थ दचकले. पिशवी छातीशी धरून त्यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं, या बाजूला, त्या बाजूला. खाली कुणीच नव्हतं, नुसती गंगा होती. त्यांनी वळून जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातला रिकामा तांब्या पाहिला. मग ते वीस पावलं चालत गेले, कलशापाशी पिशवीची गाठ सोडली, फुलं आत ओतली आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली.